प्रवासाची बॅग आणि इंदिराराजे

मैत्रिणींनो, दिवाळी आटोपली की आमच्या महालात सहलींचं वारं सुरू होतं. बडकस चौकातून गांधी गेटपर्यंत नुसतं चालत गेलं तरी वाटेत दोघीतिघी भेटतात आणि त्यातली एक तरी कुठेतरी निघालेली असते. पूर्वी पन्नाशीपुढच्या बाया काशी-रामेश्वरला जायच्या. आता मुलं आईला अंदमानला नेतात, केरळात हाऊसबोटीत बसवतात. एखादीचा मुलगा परदेशात असला तर तो थेट मोठ्या जहाजाच्या सफरीचं तिकीट काढून मोकळा होतो. तिकीट मुलं काढतात हो, पण बॅग आपल्यालाच भरावी लागते. आणि खरी परीक्षा तिथेच असते.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंकडे गेले होते. वय चौसष्ट. काका जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा-सून त्यांना अंदमानला घेऊन जाणार होते. तिथे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीनं जायचं, समुद्राच्या काठी राहायचं. काकूंनी पलंगावर सहा साड्या काढून ठेवल्या होत्या. एक राखाडी, एक बदामी, दोन पांढुरक्या, उरलेल्या दोन धुऊन धुऊन रंगच उडालेल्या. कपाटात चांगल्या साड्यांची चळत तशीच होती. मी विचारलं तर म्हणाल्या की, ते असताना नटत होते, आता कुणासाठी? आणि या वयात रंगीत नेसून बोटीवर मिरवलं तर सुनेच्या माहेरचे काय म्हणतील?

मी काही बोलले नाही. पण घरी आल्यावर मला एकदम इंदिराराजे आठवल्या. इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची लेक, कूचबिहारची महाराणी आणि जयपूरच्या गायत्री देवींची आई. गायत्री देवी आपल्याला माहीत असतात, त्यांच्या फिकट रंगाच्या शिफॉनच्या साड्याही माहीत असतात. पण ती शिफॉन त्यांच्याकडे आली ती आईकडून. आणि ही आई वयाच्या तिसाव्या वर्षी विधवा झालेली होती.

बडोद्याची लेक

इंदिराराजेंचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ चा. वडील सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावचे, शेतकऱ्याच्या घरातून दत्तक जाऊन गादीवर बसलेले. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसाठीसुद्धा. आई चिमणाबाई देवासच्या घाटगे घराण्यातल्या. चिमणाबाईंनी पुढे पडदा सोडला, बायकांच्या परिस्थितीवर १९११ मध्ये एक इंग्रजी पुस्तक सहलेखकाबरोबर लिहिलं आणि १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा त्याच अध्यक्ष होत्या. मुलगे तीन, आणि त्यांच्या पोटची लेक मात्र ही एकुलती एक.

या घरात प्रवास फार. सयाजीराव पहिल्यांदा युरोपला गेले ते १८८७ मध्ये आणि चिमणाबाई बरोबर होत्या. तेव्हाचा बोटीचा प्रवास म्हणजे आजच्यासारखा चार दिवसांचा मामला नाही. मुंबईहून निघायचं, एडन, सुएझचा कालवा करत युरोपच्या किनाऱ्याला लागायचं, यात सुमारे दोन आठवडे जायचे. मोठ्या पेट्या बोटीच्या तळघरात ठेवायच्या आणि लागेल तेवढंच सामान खोलीत घ्यायचं. तांबड्या समुद्रात अंगाची लाही लाही, पुढे गेलं की गारठा. रात्रीच्या जेवणाला साहेब लोक नटूनथटून यायचे. अशा ठिकाणी चिमणाबाई आपलं नऊवारी नेसूनच वावरल्या. विलायतेतही त्यांनी आपला पेहराव सोडला नाही. कासोट्याची साडी म्हणजे खरं तर चालायला, चढायला, उतरायला किती सोयीची, हे आपल्या आज्यांना विचारा.

म्हणजे लेकीनं लहानपणापासून काय पाहिलं? आई परमुलखात जाते, चारचौघांत बसते, आणि कपडे मात्र स्वतःच्या मनानं घालते. ही शिकवण पुस्तकातली नव्हती, घरातली होती. इंदिराराजे विलायतेतल्या शाळेत शिकल्या आणि बडोद्याच्या कॉलेजातही गेल्या. राजघराण्यातल्या मुलीनं कॉलेजात जाणं ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती.

एक पत्र

मग त्यांचं लग्न ठरलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. ते वयानं पंधरा वर्षांनी मोठे, घरात पहिली राणी हयात. राज्य मोठं, मान मोठा, पण पडदा कडक. डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीला मोठा दरबार भरला. तिथे इंदिराराजेंची गाठ कूचबिहारच्या धाकट्या राजपुत्राशी, जितेंद्र नारायण यांच्याशी पडली आणि मनं जुळली. कूचबिहार हे बंगालच्या उत्तरेचं संस्थान, बडोद्याच्या मानानं लहान. जितेंद्र यांची आई सुनीती देवी ही ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेन यांची मुलगी. म्हणजे जात वेगळी, भाषा वेगळी, रीत वेगळी.

इकडे बडोद्यात लग्नाची तयारी चाललेली, आणि एकोणीस वर्षांच्या या मुलीनं कुणालाही न सांगता शिंद्यांना पत्र लिहिलं की मला हे लग्न करायचं नाही. आई-वडिलांना कळलं ते ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा. घरात काय झालं असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. आजही आपल्याकडे ठरलेलं लग्न मुलीनं मोडलं तर वर्षभर लोकांना विषय पुरतो. ही तर दोन राजघराण्यांची गोष्ट. आई-वडिलांचा विरोध काही केल्या मावळला नाही. शेवटी १९१३ मध्ये लंडनला त्यांचं लग्न झालं. लग्नाला आई नाही, वडील नाहीत. एवढी पुढारलेली आई, पण लेकीच्या लग्नाला उभी राहिली नाही. माणसं अशीच असतात, थोडी पुढं गेलेली, थोडी मागं राहिलेली. पुढे यथावकाश मनं जुळली.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मोठे दीर वारले आणि जितेंद्र महाराज झाले. पाच मुलं झाली, दोन मुलगे आणि तीन मुली. संसार हौसेचा होता. पण जितेंद्र यांची प्रकृती ढासळत गेली आणि २० डिसेंबर १९२२ रोजी लंडनमध्ये ते गेले. त्या दिवशी त्यांचा छत्तिसावा वाढदिवस होता. इंदिराराजेंचं वय तीस. धाकटी मुलगी जेमतेम दोन-अडीच वर्षांची.

पांढऱ्या साडीतला प्रवास

नवरा गेल्यावर पाच मुलांना घेऊन त्या बोटीनं हिंदुस्थानात परत आल्या. गायत्री देवी तेव्हा साडेतीन वर्षांच्या. त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या प्रवासाविषयी लिहिलं आहे. आई नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, सारखी रडते आहे आणि बोटीतल्या आपल्या खोलीचं दार लावून बसली आहे, एवढंच त्या लहानगीच्या मनावर उमटलं. ज्या समुद्रावरून आईबरोबर हौसेनं प्रवास केला, त्याच समुद्रावर आता बंद दार आणि पांढरी साडी.

मैत्रिणींनो, इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. आजवर कुणाला सांगितली नाही. २००१ मध्ये माझे बाबा गेले. आई तेव्हा पन्नास वर्षांची. पुढच्या वर्षी ती शेजारच्या बायकांबरोबर रामेश्वर-कन्याकुमारीला निघाली. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मी माहेरी येऊन तिची बॅग भरून दिली. तिनं एक मोरपंखी साडी ठेवली होती, बारीक जरीच्या काठाची. मी ती काढली. म्हटलं, आई, लोक काय म्हणतील? तिनं काही वाद घातला नाही. साडी उचलली आणि कपाटात ठेवून दिली. कन्याकुमारीला विवेकानंद स्मारकाकडे जाणाऱ्या बोटीत काढलेला तिचा एक फोटो आहे. सगळ्या बाया हसताहेत, पदर उडताहेत, निळं पाणी चमकतंय आणि त्यात माझी आई फिकट राखाडी साडीत, अंग चोरून बसलेली. जन्मभर तिनं एकदाच समुद्र पाहिला, आणि तो मी निवडलेल्या साडीत. मी बी.ए. झालेली, स्त्रियांचे प्रश्न या विषयावर भाषणं देणारी. सासूनं नाही, समाजानं नाही, लेकीनंच ती साडी काढली. आई आता नाही. साडी आहे.

शिफॉन आली

आता इंदिराराजेंनी पुढे काय केलं ते पाहा. दार लावून त्या बसून राहिल्या नाहीत. थोरला मुलगा लहान होता, त्यामुळे राज्याच्या कारभाराची सूत्रं त्यांच्या हातात आली आणि १९३६ मध्ये मुलाच्या हाती कारभार जाईपर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. मुलांची शिक्षणं, राज्याचं काम आणि मधून मधून युरोपचा प्रवास, असं त्यांचं आयुष्य चाललं.

आणि त्यांनी पांढऱ्या साडीचंच रूप पालटून टाकलं. तोपर्यंत मोठ्या घरच्या बायकांपुढे दोनच वाटा होत्या. समारंभाला जड रेशमी, जरीची साडी आणि घरात सुती. जड साडी उकाड्यात नकोशी, पेटीत घातली तर वजन आणि दुमडली तर जरीला मोड. सुती साडी प्रवासात लगेच चुरगळणारी. इंदिराराजेंनी यातून तिसरी वाट काढली. फ्रान्समध्ये रेशमाचं शिफॉन विणलं जात होतं. अगदी तलम, पिळदार धाग्याचं, विरळ विणीचं कापड. ते तिकडे बायकांच्या झग्यांसाठी वापरायचे. पण साडीला पन्हा मोठा लागतो. इंदिराराजेंनी तिथल्या नामांकित कपडेवाल्यांना पटवून ४५ इंची पन्ह्याचं शिफॉन मिळवलं आणि त्याच्या साड्या केल्या. आपल्याकडे शिफॉनची साडी नेसायला सुरुवात केली ती त्यांनी, असं गायत्री देवी सांगतात.

विचार करा, किती साधी आणि किती हुशारीची गोष्ट. वजन नाही, पेटीत जागा नाही, धुतली की पटकन वाळते, उन्हात गार वाटते आणि रात्रीच्या मेजवानीलाही शोभते. विधवेनं पांढरं नेसावं हा रिवाज होता. त्यांनी नेसलं पांढरंच. पण ती साडी बघून कुणी कीव करेना, लोक वळून बघू लागले. गळ्यात मोत्यांचा सर, पायात देखण्या चपला-बूट. हिंदुस्थानातल्या सर्वांत सुंदर पेहराव करणाऱ्या बायकांत त्यांचं नाव घेतलं जायचं. तेही तिशीत नव्हे फक्त, चाळिशीत, पन्नाशीतसुद्धा. युरोपच्या बड्या लोकांत वावरताना त्यांनी झगा घातला नाही. साडीच नेसली. आईचं नऊवारी आणि लेकीचं शिफॉन दिसायला वेगळं, पण दोघींचा बाणा एकच.

पायांचं काय?

त्यांना पादत्राणांचा भारी शौक. इटलीत फ्लॉरेन्सला साल्वातोरे फेरागामो नावाचा नामांकित कारागीर होता. पावलाला त्रास होऊ नये म्हणून शरीरशास्त्र शिकलेला माणूस. इंदिराराजेंनी त्याच्याकडे शंभरावर जोड सांगितले होते. त्यातल्या काही जोडांवर बसवायला स्वतःचे मोती आणि हिरे पाठवले होते. वाचून मला आधी हसू आलं, मग थोडा रागही आला. शंभर जोड कशाला लागतात बाई एका जिवाला?

आणि तो राग काढून टाकायचं मला कारण दिसत नाही. हा सगळा थाट राज्याच्या पैशावर होता आणि तो पैसा रयतेच्या घामाचा. जुगाराच्या टेबलावरही त्यांनी बराच पैसा उडवला. त्याचं कौतुक मी करणार नाही. आपल्याला त्यांच्यासारखं व्हायचंही नाही. आपल्या पर्सला ते झेपणार नाही. पण हिरे-मोती बाजूला केले तरी एक गोष्ट उरते. नवरा गेल्यावर आपण कसं दिसायचं हे त्यांनी दुसऱ्या कुणाला ठरवू दिलं नाही. त्याला हिरे लागत नाहीत.

सुख त्यांच्या वाट्याला भरभरून आलं असंही नाही. थोरली मुलगी इला आणि धाकटा मुलगा इंद्रजित त्यांच्या हयातीतच गेले. गायत्री देवींनी १९४० मध्ये जयपूरच्या महाराजांशी लग्न केलं, त्यांची तिसरी राणी म्हणून. ज्या आईनं स्वतः सवत असलेलं लग्न मोडलं होतं, तिच्या लेकीनं ते पत्करलं. आईनं समजावून पाहिलं, मग लेकीच्या मनापुढे मान तुकवली आणि लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाला आई-वडील नव्हते, हे त्या विसरल्या नसाव्यात असं मला वाटतं. पुढे गायत्री देवी १९६२ मध्ये प्रचंड मतांनी लोकसभेवर निवडून आल्या. त्या प्रचाराला फिरल्या त्याही शिफॉन नेसूनच. इंदिराराजे सप्टेंबर १९६८ मध्ये मुंबईत वारल्या. वय शहात्तर.

आता आपली बॅग

राणीची गोष्ट सांगून झाली, आता आपल्या कामाचं बोलू. आपल्या दुकानांतून शिफॉन म्हणून जे मिळतं ते बहुतेक पॉलिस्टर असतं. ते वाईट नाही. हलकं असतं, चुरगळत नाही, रात्री हॉटेलात धुऊन टाकलं तर सकाळी वाळलेलं. पण दमट हवेत घाम शोषत नाही, म्हणून खाली सुती परकर आणि सुती ब्लाउजच ठेवा. आणि दिव्याजवळ, गॅसजवळ पदर सांभाळा, हे कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं.

चार-पाच दिवसांच्या प्रवासाला तीन-चार साड्या किंवा सलवार-कुडते खूप झाले. सगळ्यांवर चालेल असं एकच ब्लाउज किंवा एकच ओढणी निवडली की निम्मं सामान कमी होतं. एक गडद रंगाचं ठेवाच, डाग पडला तर दिसत नाही. बोटीवर वारा फार. पदर खांद्यावर पिन लावून नीट बसवा आणि निऱ्याही टाचून घ्या. परकराला आतून खिसा शिवून घेतला तर पैसे आणि गोळ्या जवळ राहतात. साडी पायांच्या घोट्यापर्यंतच ठेवा, बोटीच्या पायऱ्या ओल्या असतात. एक शाल हाताशी असू द्या, कारण बोटीतला आणि विमानातला एसी आपल्याला सोसत नाही.

आणि सगळ्यात आधी चपला. कपड्यांवर आपण हजारो घालतो आणि पायात तीच झिजलेली सपाता. गुडघे आपलेच आहेत ना? न घसरणाऱ्या तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल किंवा चांगले बूट घ्या आणि प्रवासाच्या आधी आठ दिवस घरात घालून फिरा. साडीखाली बूट कसे दिसतील हा विचार सोडा. पाय दुखले तर समुद्रही सुंदर दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईची मोरपंखी साडी घेऊन काकूंकडे गेले. त्यांना इंदिराराजेंची गोष्ट सांगितली, आणि माझ्या आईचीही. काकू बराच वेळ त्या साडीवरून हात फिरवत बसल्या. मग साडी घडी घालून माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या की, ही तुझ्या आईची आहे, ही तूच नेस. मला नेसायची असेल तर मी माझी घेईन. मला वाटलं, झालं, आपलं सांगणं फुकट गेलं.

चार दिवसांनी काकूंचा फोन आला की चल इतवारीला. दोन दुकानं पालथी घातली. जांभळ्या रंगावर पांढरी फुलं असलेली एक हलकी साडी त्यांनी घेतली. एक आमसुली घेतली. मग चपलांच्या दुकानात बसून अर्धा तास सात जोड घालून पाहिले. दुकानदार कंटाळला, पण काकू कंटाळल्या नाहीत. घरी येताना रिक्षात मात्र जरा गप्प झाल्या आणि हळूच विचारलं की, सून काही म्हणणार नाही ना? मी म्हटलं, म्हणेल की छान दिसता.

सून काय म्हणाली ते मला माहीत नाही. काकू परवा परत आल्या. उन्हानं रापल्या आहेत, नारळाची बर्फी घेऊन आल्या होत्या. फोटो दाखवला. बोटीच्या कठड्याला धरून उभ्या आहेत, जांभळा पदर पिन लावूनसुद्धा उडतो आहे आणि तोंड उघडं टाकून हसताहेत.

मैत्रिणींनो, एक विनंती आहे. या सुट्टीत आई, सासू, मावशी, कुणीही प्रवासाला निघाली असेल तर तिची बॅग भरायला जरूर मदत करा. पण तिनं ठेवलेली साडी बाहेर काढू नका.